विहिरीवर बसणारी सुंदराकाकी

सुंदराकाकी गेल्या पौषात गेली. दहाव्याला मी चौकला गेलो, तर तिथे एका शहाण्याने मला विचारलं, "सर, ती म्हणे विहिरीशी बोलायची?" मी म्हणालो, "बोलत बिलत काही नव्हती. बघायची. बघणं आणि बोलणं यातला फरक तुम्हाला कळत नसेल तर तिने काय करावं?" तो बिचारा बाजूला सरकला. माझा स्वभाव असाच आहे, कॉलेजातली पोरंसुद्धा मला टरकून असतात. पण त्या दिवशी माझा राग त्या माणसावर नव्हताच. ज्याला तो 'सर' म्हणत होता त्याच्यावर होता. तेव्हा एकदाचं सगळं लिहून टाकतो, म्हणजे मी मोकळा.

काकी विहिरीवर बसायची. हा तिचा धंदा. आमच्या चौक-खालापूरच्या पट्ट्यात विहीर खणायची म्हणजे खाली खणणारे लागतात, वर रहाट ओढणारे लागतात आणि एक बसणारं माणूस लागतं. निदान काकी होती तोवर लागायचं. वरचा मुरूम संपून कातळ लागला की तिथून विहिरीचा घेर थोडा आत घेतात, त्यामुळे भोवताली हातभर रुंदीचा टप्पा राहतो. काकी त्या टप्प्यावर पाय खाली सोडून बसायची. कातळात एखादी चांगली चीर बघायची, चंचीतून शेवरीच्या कापसाचा बारीक पुंजका काढायची, धाग्याला बांधून त्या चिरीसमोर टांगायची आणि बघत राहायची.

कापूस चिरीत ओढला गेला की विहीर पोटात घेतेय. खालच्यांनी खुशाल काम करावं. कापूस चिरीतून बाहेर ढकलला जाऊ लागला की विहीर सोडतेय. मग काकी हाक मारायची, "वर या रं!" हाक आली की हातातली पहार टाकून, अर्धी भरलेली पाटी तशीच ठेवून सगळ्यांनी वर यायचं, असा तिचा नियम होता. 'एवढं भोक पुरं करतो न् येतो' म्हणणाऱ्याला ती दुसऱ्या दिवशी कामावर येऊ द्यायची नाही. मालक कितीही चरफडला तरी नाही.

तिने चाळीसेक विहिरी राखल्या. त्यातल्या एकीतही माणूस मेला नाही. आबाजीची विहीर त्यात धरायची की नाही, हे तिला विचारायची कुणाची छाती झाली नाही.

हे तिला कुणी शिकवलं? कुणीच नाही. तिचा नवरा कान्हा त्रेपन्न साली पोशीरला एका विहिरीत गेला. भरदुपारी, वर चार माणसं उभी असताना. पडला नाही, बुडाला नाही, अंगावर दगड आला नाही. बसल्या जागी मान टाकली त्याने. काकी तेव्हा वीसेक वर्षांची, पदरात चार वर्षांचा हिरू. तिचं खोपट आमच्या वाडीच्या टोकाला उघड्या कातळावर होतं आणि चुलीशेजारी त्या कातळाला एक भेग होती. नवरा गेल्यावर बाई वर्षभर त्या चुलीपुढे बसून होती. बसल्या बसल्या तिला दिसलं की भेगेपाशी सांडलेली राख रोज सकाळी आत सरकते आणि दुपारी बाहेर येते. वारा नसला तरी. दार लावून घेतलं तरी. दुसरी कुणी असती तर मांत्रिकाकडे गेली असती. हिने काय केलं? जवळच एक विहीर खणत होते, तिथे जाऊन टप्प्यावर बसली, आणि तिथली चीरही त्याच वेळेला श्वास घेते आणि सोडते हे ताडून आली. मग मुकादमाला म्हणाली, "माझा दादला दुपारचा गेला. तवा ती सोडत व्हती."

मुकादम कोंडाजी. त्याने आधी तिला हाकललं. पुढे एका दुपारी खाली सोडलेला कंदील विझला, त्याच वेळी ती वरून ओरडत होती. तेव्हापासून कोंडाजीने तिच्याशिवाय विहीर धरली नाही.

आता मी कुठून आलो ते सांगतो. मी त्याच वाडीतला, जया. हिरू आणि मी सातवीपर्यंत एका बाकावर. सातवीनंतर त्याने पहार धरली आणि मी कर्जतच्या हायस्कुलात गेलो, तिथून पुण्याला. विज्ञान घेतलं आणि पुढे विद्यापीठात भूशास्त्राला नाव घातलं. वाडीत हे सांगताना माझी जी त्रेधा उडाली! आई म्हणाली, "सोळा वरसं शिकून दगडंच बगायची व्हती तर हितं काय कमी व्हती?" हिरू तर पोट धरून हसला. "म्हंजे तू दगडाला नावं ठेवनार आनि मी फोडनार. दोघांच्याबी पोटाला दगडच रं!" पण त्याला माझ्या शिकण्याचं भारी अप्रूप. विहिरीत कातळाच्या पोकळीतून पांढऱ्या, गुलाबी, काचेसारख्या स्फटिकाच्या गारा निघायच्या, त्या तो धोतराच्या सोग्यात बांधून माझ्यासाठी ठेवायचा. आमच्या विभागातल्या कपाटात अजून त्याच्या दोन आहेत. खाली चिठ्ठीवर खनिजाचं नाव आहे, गावाचं नाव आहे आणि गोळा करणाऱ्याचं नाव म्हणून माझं.

एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला, चौऱ्याहत्तर साली, प्रबंधासाठी मी आपलाच तालुका घेतला. आमच्याकडचा कातळ म्हणजे लाव्ह्याचे एकावर एक थर. त्यात मधूनच काळ्या दगडाची उभी भिंत शिरलेली असते आणि तिच्या कडेने पाणी सापडतं. ते नकाशावर दाखवायचं, एवढं साधं काम. पण एकदा वर्गात सरांनी जाता जाता सांगितलं की हवेचा दाब दिवसातून दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो. सकाळी दहाच्या सुमाराला चढलेला असतो, दुपारी चारच्या सुमाराला उतरलेला. मी बाकावरून उडालोच. अरे, ही तर काकीची विहीर! बाहेरची हवा जड झाली की ती भेगांतून आत दाबली जाते. हलकी झाली की आतली, जमिनीत कुजलेली, जिच्यात माणूस जगत नाही अशी हवा बाहेर येते आणि विहिरीच्या तळाशी साचते. वीस वर्षं अडाणी बाईने कापसावर जे ओळखलं त्याचं कारण मला सापडलं होतं. मला वाटलं, आपण जिंकलो.

विभागातून हवेचा दाब मोजायचं यंत्र मिळालं. घड्याळाएवढं, काच लावलेलं, आत एक काटा. ते घेऊन मी मार्चात चौकला आलो. आबाजीने हमरस्त्यावर नवा ढाबा टाकला होता आणि मागे विहीर खणायला काढली होती. ट्रकवाल्यांना आंघोळीला पाणी, गाडीला पाणी, सगळा धंदा पाण्यावर. कोंडाजीची टोळी, खाली हिरू आणि मोरू, टप्प्यावर काकी. मी काकीशेजारी जाऊन बसलो.

"आता तू बी बसनार व्हय?" काकी म्हणाली. "मंग मला सोबत झाली."

त्रेपन्न दिवस बसलो. त्या टप्प्यावर बसणं काय असतं ते सांगतो. वर मे महिन्याचं ऊन रटरटत असायचं, रस्त्यावर ट्रक घरघरत असायचे, आणि इथे खाली कानाच्या पाळीला गार हवा लागायची. एका लयीत नाही. येऊन थांबायची, मग पुन्हा. ओल्या राखेचा वास यायचा. चिरीला कान लावला तर आत खूप लांबून, कुणीतरी झोपेत कूस बदलावी तसा आवाज यायचा. सगळं कारण ठाऊक असून माझ्या मानेवरचे केस उभे राहायचे. एकदा मी काकीला विचारलं, "आत कोण आहे असं वाटतं गं तुला?"

"कोन नाय," ती म्हणाली. "आत नुस्ती जागा हाय. लय जागा हाय. हिथून माझ्या चुलीपरयंत हाय आनि तिथून फुडंबी हाय. आपुन वरवर ऱ्हातो."

तिला कुणी असल्याची भीती नव्हती. कुणीच नाही, हे तिला माहीत होतं आणि तरी ती रोज त्याच्यासमोर बसायची. मला मात्र त्यानंतर संध्याकाळी घरी जाताना पायाखालची जमीन पोकळ वाटायला लागली.

त्रेपन्न दिवसांच्या आकड्यांची मी सरासरी काढली आणि एक सुबक तक्ता केला. सकाळी दहा वाजून दहा मिनिटांपर्यंत खाली काम करावं. मग वर यावं. दुपारी साडेचारनंतर पुन्हा उतरावं, दिवस मावळेपर्यंत. शाईने आखून, रंग देऊन. पुढे प्रबंधात तो तक्ता गेला, परीक्षकांनी त्याचं कौतुक केलं, मला पहिला वर्ग मिळाला. तो तक्ता मी काढून टाकला नाही, कारण नापास व्हायची माझी तयारी नव्हती. हेही इथे लिहून ठेवतो.

आबाजीला तक्ता फार आवडला. पाऊस तीन आठवड्यांवर आलेला, विहीर पंचेचाळीस फुटांवर गेलेली आणि पाण्याचा नुसता ओलावा. त्यात काकीने त्या आठवड्यात दोनदा तक्त्याच्या वेळेआधी माणसं वर घेतली. एकदा पाऊण तास आधी, एकदा वीस मिनिटं. मला राग आला. खोटं कशाला बोलू? माझ्या तक्त्यातली रेघ बिघडत होती म्हणून राग आला. आबाजीने सगळ्यांसमोर मला विचारलं, "काय जयराव, तुमचा कागद असल्यावर म्हातारीनं बसायलाच पायजे का?"

म्हातारी! चाळिशीची बाई ती. तेवढ्यावरून तरी मी आबाजीवर खेकसायला हवं होतं. मी म्हणालो, "शास्त्राच्या दृष्टीने तशी गरज नाही."

काकी उठली. लुगड्याची धूळ झटकली. धाग्याला बांधलेला कापूस तसाच माझ्या हातात दिला. "कागद चांगला हाय रं तुजा," ती म्हणाली, "पन कागदाला वारा लागत नाय." आणि रस्ता ओलांडून वाडीकडे चालू लागली. ती रागावली होती का, ते मला आजतागायत कळलेलं नाही.

त्यानंतर चारच दिवसांनी ते झालं. दुपारपासून झाडाचं पान हलत नव्हतं. आभाळात ढगाचा ठिपका नाही, पण ऊन पिवळं पडलेलं. ढाब्यावरची कुत्री उठून रस्त्यापलीकडे जाऊन बसली. समुद्रात लांब कुठेतरी वादळ उठलं होतं, ते आम्हाला दुसऱ्या दिवशी रेडिओवर कळलं. आमच्याकडे त्याचा थेंबही आला नाही. फक्त हवा हलकी हलकी होत चालली होती.

साडेचार वाजले. कोंडाजीने कंदील सोडून पाहिला. जळत होता. वर घेतला. हिरू दोरीवरच्या फळीवर बसला आणि मला म्हणाला, "आये नाय म्हंजे वर कोन बसनार?"

"मी आहे ना," मी म्हणालो. "मी हाक मारतो. तू जा."

"मंग झालं," म्हणून तो हसला आणि खाली गेला. त्याच्यामागून मोरू.

मी टप्प्यावर बसलो नाही. तिथे वास येत होता आणि तक्त्याप्रमाणे विहीर आता पोटात घेणार होती, तर कशाला बसायचं? मी वर, काठाला, खोक्यावर यंत्र ठेवून सावलीत बसलो. काकीचा कापूस माझ्या सदऱ्याच्या खिशात होता. खालून हिरूच्या पहारीचा आवाज येत होता, सुरुंगाचं भोक पाडत होता तो. ठक्. ठक्. ठक्.

पाच वाजता मी यंत्र पाहिलं. काटा चार वाजता होता त्यापेक्षा खाली होता. चारनंतर तो चढायला हवा. त्रेपन्न दिवस चढला होता. मी काचेवर टिचकी मारली. पुन्हा मारली. काटा आणखी केसभर खाली गेला. मी वहीत आकडा लिहिला आणि पुढे लिहिलं, 'यंत्र बिघडले?' ती वही माझ्याकडे आहे. माझं अक्षर छान, वळणदार आलेलं आहे.

खालचा आवाज सावकाश होत गेला. मला वाटलं, हिरू दमला. मग मोरू हसला. काही कारण नसताना, मोठ्याने, लहान मूल हसतं तसा. रहाटावरचा कोंडाजीही हसला, "काय चाललंय रं खाली?" म्हणाला. खालून उत्तर आलं नाही. एक ठक्, बऱ्याच वेळाने आणखी एक. मग तेही थांबलं.

तेवढ्यात रस्त्यावरून ओरडण्याचा आवाज आला. काकी धावत येत होती. पदर सुटलेला, हात पिठाने भरलेले. घरी भाकऱ्या थापताना तिने चुलीशेजारची भेग पाहिली होती. संध्याकाळ व्हायला आली आणि राख बाहेर येत होती. तिला माझं यंत्र लागलं नाही. वाडीपासून रस्त्यापर्यंत ती "वर घ्या! वर घ्या!" ओरडत आली होती आणि ट्रकांच्या आवाजात ते आम्हाला ऐकू आलं नव्हतं.

दोर ओढला. मोरू फळीपाशी होता, त्याने अर्धवट शुद्धीत फळीला मिठी मारली होती, तो वर आला. ओठ निळे. हिरू आला नाही. वाकून पाहिलं तर तळाशी तो पहारीवर कपाळ टेकून बसलेला दिसत होता, विसावा घेतोय असा. "हिरू! ए हिरू!" मी ओरडलो. माझी हाक आता निघाली.

कोंडाजीने कमरेला दोर बांधला. काकी टप्प्यावर उतरली होती. तिने माझ्याकडे हात पसरला, मी खिशातून कापूस काढून दिला. तिने तो चिरीसमोर धरला. कापूस धाग्यासकट आडवा, ताठ बाहेर ताणला गेला. मी तो तसा कधीच पाहिला नव्हता.

"सोड तो दोर," ती कोंडाजीला म्हणाली.

"सुंदरे, पोर तुजं हाय खाली!"

"म्हनून सांगते. कोन उतरायचं नाय. माझा गेला. दुसरीचा जाऊ देनार नाय मी."

मी ऐकलं ते. माझ्या कानांनी ऐकलं. पडलेली भांडी काढायचा गळ आबाजीने आणला आणि त्या गळाने हिरूला वर काढला. दिवस मावळायच्या आत काढला. काकी शेवटपर्यंत कापसाकडे बघत बसली होती, कारण वरून माणसं वाकली होती आणि त्यांच्यावर नजर ठेवायला हवी होती.

पुढचे दिवस मी घरात तोंड लपवून काढले. मला कुणी काही बोललं नाही हेच वाईट. उलट लोक म्हणत, विहिरीनेच घेतला, बापाला घेतला तसा. मला ते बरं वाटायचं आणि त्या बरं वाटण्याची लाज वाटायची. तेराव्याला काकीच्या पाया पडायला गेलो. ती म्हणाली, "बसा. च्या घ्या." जन्मभर मला 'तू रं' म्हणणारी बाई. मी चहा न घेताच उठलो.

विहीर तशीच पडली होती. आबाजी बुजवायला तयार होता, पण एक अडचण होती. हिरूची पहार अजून खाली होती, अर्ध्या भोकात रुतलेली. आमच्याकडे खणणाऱ्याची पहार विहिरीत राहू देत नाहीत. ती त्याच्या घरी, उंबऱ्याच्या आत उभी करायची असते. तोवर माणूस कामावरच आहे असं धरतात. आणि खाली उतरायला टोळीतला एकजण तयार होईना, कोंडाजीसुद्धा.

पंधराव्या दिवशी सकाळी काकी आमच्या दारात आली. माझ्या आईशी नाही, थेट माझ्याशी बोलली. "पहार आनायची हाय. तुमी उतरा. मी बसते."

आईने माझा हात धरला. घरात रडारड. मी गेलो. जायला हवंच होतं, पण शूरपणाने गेलो असं कुणी समजू नये.

नऊला फळीवर बसलो. कमरेला दोर, खिशात माझा भूशास्त्राचा हातोडा. कापूस चिरीत ओढलेला होता. कोंडाजीने कंदील पुढे केला तेव्हा काकी म्हणाली, "वर ऱ्हाऊ दे. त्या दिशी वरच व्हता."

खाली गारठा होता. घोट्यापर्यंत पाणी आलं होतं. वरच्या उजेडाचं वर्तुळ परातीएवढं दिसत होतं आणि त्याच्या अलीकडे टप्प्यावर काकीचे लोंबते पाय. पहार हलेना. तिच्याभोवतीचा दगड मी हातोड्याने कणाकणाने फोडायला लागलो. तो कोणता दगड, किती वर्षांचा, सगळं मला पाठ होतं. दुसरं काहीच डोक्यात नव्हतं, नुसती नावं. हिरू जिथे बसला होता तिथेच मी गुडघे टेकले होते.

दहा वाजले. दहा वाजून दहा झाले. माझ्या तक्त्याप्रमाणे विहीर उलटायची वेळ. मी वर पाहिलं. पाय हलले नाहीत. सव्वादहा. मी हाक मारली, "काकी!" उत्तर नाही. माझाच आवाज भिंतींना लागून फिरला, आणि मग त्याच्यानंतर, जरा उशिराने, चिरींतून एक लांब उसासा आल्यासारखा झाला. आला की मला वाटलं, ते सांगता येत नाही. कानशिलं ठणकायला लागली. ही हवा की भीती? दोन्हीची लक्षणं सारखीच असतात, मी पुस्तकात वाचलं होतं.

दहा पंचवीसला पहार सुटली. मी ती छातीशी धरून उभा राहिलो. आता दोराला हिसका द्यायचा, की वर. दिला. दोर हलला नाही. कोंडाजी काकीच्या हाकेशिवाय ओढणार नव्हता. आणि काकी गप्प. तेव्हा मला लख्ख कळलं की ही मला इथेच ठेवणार आहे. हिला सगळं माहीत आहे, कापूस हिच्या डोळ्यांसमोर आहे, आणि ही हाक मारणार नाही. तिचं चुकतंय असं मला वाटलं नाही. पण मी इतका भ्यालो, इतका भ्यालो, की पहारीला धरून लहान पोरासारखा रडायला लागलो.

दहा चाळीसला वरून हाक आली. "जया, वर ये रं!"

फळी टप्प्याशी आली तेव्हा मी कापसाकडे पाहिलं. तो चिरीच्या तोंडाशी जेमतेम वळत होता. आत्ता, त्या क्षणी. तिने एक मिनिटाचाही उशीर केला नव्हता. त्या दिवशी विहीर उलटली ती दहा चाळीसला.

तिने माझ्या हातातून पहार घेतली, पदराने तिच्यावरचा चिखल पुसला. माझ्या तोंडाकडे बघून विचारलं, "भ्यालास?"

"हो."

"कशाला रं?"

खोटं बोलायची ताकद नव्हती. "वाटलं, तू हाक मारणार नाहीस."

काकीने पहार खांद्यावर घेतली. आवाज चढवला नाही की डोळ्याला पदर लावला नाही.

"हिरूला नसंल वाटलं आसं," ती म्हणाली. "वर तू व्हतास ना."